काशिनाथ मिस्त्रीचा स्लॅब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोराला नाही. देवळात गेलो आणि ही गोष्ट मनात डोकावली, तर घाईघाईनं नारळ फोडून बाहेर पडलो. आणि मी कोण? वडीगोद्रीला हायवेवर माझं मोटारी भरायचं दुकान आहे — शेतातल्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. मोटार भरून होईतोवर शेतकरी बसून राहतो, आणि बसलेल्या माणसाला मी गोष्ट ऐकवल्याशिवाय सोडत नाही. आमची म्हैस पुरात वाहून गेली ती उलटी, पाण्याच्या विरुद्ध, थेट पैठणपर्यंत — हे मी इतक्यांदा सांगितलंय, की मला आता त्या म्हशीचं मोडकं शिंगसुद्धा आठवतं. अशा माणसाच्या पोटात एखादी गोष्ट चार वर्षं राहावी? राहिली.

तर झालं असं. पोराचं लग्न ठरलं. घर आमचं तीन खोल्यांचं, वर पत्रे. पत्रे काढून स्लॅब टाकायचा, स्वयंपाकघर नवं करायचं, वर एक खोली चढवायची. ठेकेदार शोधायला निघालो. पन्नास पाहिले. — नाही, आज खरं बोलायचं ठरवलंय. पाच पाहिले. एक इतका गोड बोलायचा, की तो उठून गेल्यावर खुर्चीला मुंग्या लागल्या. एकानं मोबाईलवर स्वतः बांधलेला बंगला दाखवला. खाली कोपऱ्यात टाइल्सच्या कंपनीचं नाव होतं. एकजण रोज फोनवर 'रस्त्यातच आहे नाना' म्हणायचा. अजूनही असेल तो रस्त्यातच.

आणि मग तीर्थपुरीहून काशिनाथ मिस्त्री आला. बाप मेंढरं राखायचा, हा गवंडीकाम शिकला, सहा माणसं सोबत बाळगून होता. आला, चहा नको म्हणाला, आणि पायापाशी हातभर खोदायला बसला. खोदलं, बोटं घालून पाहिली, भिंतीवर वरपासून खालपर्यंत हातोडीची दांडी वाजवली. मला वाटलं, भिंती कच्च्या निघाल्या. म्हणालो, 'सगळं पाडू, मिस्त्री. नवं कोरं करू.' तो म्हणाला, 'कशाला? ह्या भिंती तुम्हाला न् मला दोघांला पोचवून येतील. हे पत्रे काढू, वर स्लॅब टाकू.'

तुम्हीच सांगा — स्वतःचं काम स्वतःच्या तोंडानं कमी करणारा ठेकेदार तुम्ही पाहिलाय? मी असल्या माणसाची गोष्टही कधी रचली नव्हती. मला सुचलाच नसता.

त्याचं काम बघायला मी दुकान उघडं टाकून यायचो. ओळंब्याची दोरी सोडली की तो श्वास धरायचा, खरंच, दोरी थांबेपर्यंत. एकदा ओट्याची फरशी बसली, बायको खूश झाली, आणि हा पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी ती उखडत होता. ढाळ भिंतीकडं गेला होता म्हणे, सुतभर. मी म्हणालो, 'अहो कोण बघतंय सुतभर?' वर न बघता म्हणाला, 'तुम्ही न्हाई बघणार नाना. पाणी बघतंय.' हे वाक्य मी पुढं शंभर जणांना ऐकवलं. — स्वतःचं म्हणून ऐकवलं. पण मला जे सांगायचंय ते हे नाही. हे असतं तर बरं झालं असतं.

खालचं घर झालं. गिलावा असा, की हात फिरवला तर लोण्यावरून फिरवल्यासारखा. वरच्या खोलीचं काम चालू झालं. तेव्हा माझा चुलत भाऊ दत्तू दुकानावर आला. त्यालाही घर बांधायचं होतं, माझ्या तिप्पट, जिना बाहेरून, पुढं गॅलरी. मोटारीच्या खोक्यावर बसला आणि म्हणाला, 'नाना, मिस्त्री कसाय? बराबर सांग. म्हशीवानी नको सांगू.'

आता माझा आवाज कसा, तर मी दुकानात खोकलो की हायवेपलीकडचा चहावाला कप विसळायला घेतो. त्या दिवशी मी हळू बोललो. इकडंतिकडं पाहिलं, पान्हा खाली ठेवला, आणि म्हणालो, 'हात चांगला आहे रे त्याचा. पण... स्लॅब गळतो म्हणतात. घनसावंगीकडं एका घरात पातेली मांडून बसलेत लोक. माझं आता अर्धं झालंय, मी काय करू?'

बस. एवढंच. कुठलं घर? कसली पातेली? त्या क्षणी मला सुचली, तशी मी मांडली.

मी स्वतःला सांगत आलो, की लग्न जवळ आलं होतं, मिस्त्रीनं अर्धी माणसं दत्तूकडं वळवली असती तर खोली राहिली असती. खोटं आहे हेही. काशिनाथ एका वेळी एकच घर घेतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. मला दत्तूची गॅलरी दिसत होती. त्या गॅलरीला तसलाच लोण्यासारखा गिलावा दिसत होता — आणि गाव माझ्या दारावरून पुढं जाऊन तिथं थांबलेलं दिसत होतं.

माझ्या हजार गोष्टी लोकांनी हसून सोडून दिल्या. ही एक खरी मानली. आठ दिवसांत ती फिरून माझ्याकडंच आली, एका गिऱ्हाइकाच्या तोंडून. पातेली आता सात झाली होती. त्या घरातली बाळंतीण माहेरी धाडली होती. आणि मी काय केलं? ऐकत बसलो. बाळंतिणीचं कुणाला सुचलं असेल, याचं मनातल्या मनात कौतुक केलं.

वरची खोली काशिनाथनं ठरल्या दिवशी पुरी केली. लग्न झालं. व्याही भिंतींना हात लावून गेले. पुढं दोन महिन्यांनी मिस्त्री एकटाच आला.

'नाना, माझं काही चुकलं का हो तुमच्याकडं? ह्या पट्ट्यात कोणी काम देईना. दत्तूभाऊला मी आधीच म्हणल्तो, नानाचं झाल्याबिगर यायचो न्हाई. ते हो म्हणल्ते. मंग दुसराच मिस्त्री लावला. स्लॅबचं काहीतरी बोलून राह्यलेत लोक.'

मी म्हणालो, 'जळतात रे. तू लक्ष नको देऊ.'

'न्हाई, मला बघू द्या.'

तो माझ्या गच्चीवर चढला. चारी कडांना काळ्या मातीचा बांध घातला, माझीच मोटार लावून घोटाभर पाणी भरलं, आणि दोन दिवस भरलेलं ठेवलं. दिवसातून चारदा यायचा, खालच्या खोलीत मान वर करून उभा राहायचा. कोपऱ्यांत स्टूल ठेवून तळवा छताला लावायचा. मी शेजारी उभा. बायको चहा देऊन गेली. मला फक्त तोंड उघडायचं होतं. ज्या माणसाचं तोंड कधी मिटत नाही, त्याला तेवढं जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं स्टुलावरून उतरून हात पँटीला पुसले. कोरडाच होता हात. 'बराबर हाय काम,' म्हणाला. मला नाही, स्वतःलाच म्हणाल्यासारखा. बांध फोडला, गच्ची झाडून स्वच्छ केली, पन्हळीत अडकलेली मातीसुद्धा काढली, आणि गेला.

पुढं त्यानं स्लॅब ओतायच्या सेंट्रिंगच्या प्लेटा विकल्या. माणसं पांगली. तो आता संभाजीनगरला दुसऱ्या ठेकेदाराच्या हाताखाली मिस्त्री आहे. दुसरा सांगेल तिथं, सांगेल तसं.

तीर्थपुरीच्या काशिनाथ मिस्त्रीचा एकही स्लॅब कधी गळला नाही. गळतो असं मी म्हणालो. तसलं घर गावात माझं एकट्याचंच असावं, म्हणून म्हणालो.