बाकं वाजवणारे

विधानसभेतले आमदार बाकं वाजवताना टीव्हीवर दिसले की माझं डोकं फिरतं. यंदा कॉलेजांचं अनुदान कापलं, तेव्हाही त्यांनी वाजवली. "यांना लाज कशी वाटत नाही गं?" मी आईला विचारलं होतं.

आज शिपाईकाका वर्गाच्या दारात आले. "राज्यशास्त्राचे सर आता येणार नाहीत. कंत्राटावर होते, अनुदान नाही म्हणून काढलं. तुमचा तास ऑफ."

तास ऑफ म्हटल्याबरोबर अख्ख्या वर्गाने बाकं वाजवली. मीसुद्धा, दोन्ही हातांनी. लाकडाला काय, कुणीही बडवलं तरी ते तसंच वाजतं.

मग फळ्याकडे लक्ष गेलं. सरांचं कालचं अक्षर तसंच होतं : 'उरलेलं उद्या.'

मी हात बाकावरून उचलले. तळवे अजून लाल होते.