जहाज बुडालं, लेक परत आली

माझी मुलगी परत आली, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर ही हकीकत ऐकताना बायकांचे डोळे मधेच भरून येतात आणि मला गोष्ट सोडून पाणी आणायला उठावं लागतं. तर ती परत आली. आत्ता आतल्या खोलीत अभ्यास करायलीय, आणि पंख्याचा आवाज होतो म्हणून मघाशी माझ्यावर खेकसलीसुद्धा.

मी उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी आहे. एका आडत दुकानात काट्यावर तूर, हरभरा, सोयाबीन मोजण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. मूळ गाव मुखेडकडं. थोरले भाऊ तिथली कोरडवाहू शेती बघतात. आमच्या घरात समुद्र पाहिलेला माणूस नव्हता. बारावीनंतर मुलीनं जहाजावरच्या नोकरीचा कोर्स करायचं ठरवलं तेव्हा थोरले भाऊ म्हणाले, "आपल्या हिरीला उन्हाळ्यात पाणी न्हाई आन् पोरगी समुद्रात चालली. लई झालं बघ!" पण पोहायला तिला त्यांनीच शिकवलं होतं, त्याच विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून.

कोर्स झाल्यावर ती एका मालवाहू जहाजावर कॅडेट म्हणून लागली, म्हणजे शिकाऊ अधिकारी. जाण्याआधी तिनं माझ्या मोबाईलमध्ये दोन गोष्टी करून दिल्या. कुठलं जहाज कुठं आहे ते दाखवणारं एक अ‍ॅप टाकलं. आणि अनोळखी नंबरवरून आलेला फोन लागूच नये अशी सेटिंग केली, कारण महिन्याभरापूर्वी कुणीतरी बँकेचा साहेब बनून मला जवळजवळ फसवलं होतं.

"पप्पा, तुम्ही सगळ्यांशी गोड बोलता," ती म्हणाली. "म्हणून हा बंदोबस्त."

त्या अ‍ॅपमध्ये तिचं जहाज म्हणजे एक हिरवा बाण होता. रोज सकाळी चहा पिताना मी तो बायकोला दाखवायचो. बाण सरकलेला दिसला की ती म्हणायची, "चाललंय म्हणायचं," आणि कामाला लागायची.

एका सोमवारी मुलीचा मेसेज आला : हवा खराब आहे, दोन दिवस नेट मिळणार नाही, काळजी करू नका. मंगळवारी बाण हलला नाही. बुधवारीही नाही. मी मोबाईल बंद करून चालू केला, अ‍ॅप काढून परत टाकलं. बाण तिथंच. दुपारी कंपनीच्या माणसाचा फोन आला. हा नंबर मुलीनं सेव्ह करून ठेवला होता. तो हिंदीत हळूहळू बोलत होता. जहाजाशी संपर्क तुटलाय, त्यातून संकटाचा इशारा आला होता, शोध चालू आहे, घाबरू नका.

"मतलब डूब गया क्या?" मी विचारलं.

"सर, अभी कुछ कह नहीं सकते."

बायको शेजारीच उभी होती. तिला हिंदी कळतं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

त्यानंतरचे दोन दिवस घरात माणसं मावत नव्हती. थोरले भाऊ एसटीनं आले. येणारा प्रत्येक जण कुठल्यातरी बुडालेल्या जहाजाची गोष्ट घेऊन यायचा. कुणी सांगे, सहा महिन्यांनी लोक जिवंत सापडले होते. कुणी सांगे, अख्खं जहाज गायब झालं आणि साधी फळीसुद्धा मिळाली नाही. लोक वाईट नव्हते, पण मला ते ऐकवेना. शुक्रवारी सकाळी मी उठलो आणि मोंढ्यात गेलो. दुकानाचा शेठ माझ्यापेक्षा वयानं लहान आहे. तो म्हणाला, "काका, तुमी कशाला आलाव? घरी बसा." मी म्हणालो, "घरी बसवंना. काम करू द्या." आणि काट्यापाशी उभा राहिलो.

अकरा-साडेअकराची वेळ. बोली नुकतीच संपलेली, हमाल पोती आणून काट्यावर टाकत होते. दुकानातला जुना लँडलाइन वाजला. तो फोन आता कुणीच वापरत नाही. शेठनं उचलला, "हां, कोन?" म्हणाला आणि त्याचा चेहराच बदलला.

"काका! ओ काका! पोरगी हाय, पोरगी!"

पोत्यांवरून मी कसा गेलो ते मला आठवत नाही.

"पप्पा, मी आहे. मी ठीक आहे. तुमचा मोबाईल का लागत नाही?"

"माय, कुठं हायस तू?"

"दुसऱ्या जहाजावर. त्यांनी आम्हाला पाण्यातून उचललं. एकच मिनिट दिलंय बोलायला. मी जेवले, हातपाय शाबूत आहेत. मम्मीला सांगा."

फोन कटला. मी तिथंच एका पोत्यावर बसलो. हमालांची कामं थांबली होती. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरचं फडकं काढून माझ्या हातात दिलं. मी रडतोय हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

शेठनं मला मोटारसायकलवर घरी सोडलं. मी दारातूनच ओरडलो, "फोन आला! बरी हाय ती!" बायकोनं माझ्याकडं रोखून पाहिलं. "मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगू नका."

"तिनं सांगितलं, जेवले म्हणून."

मग मात्र तिला पटलं. कारण कुठूनही फोन केला तरी मुलगी आईला ते न विसरता सांगते. बायको मोठ्यानं रडली, आणि रडता रडताच आलेल्या माणसांसाठी चहा ठेवायला उठली. दोन दिवसांत त्या घरात कुणी तिच्या हातचा चहा प्यालेला नव्हता.

तासाभरानं कंपनीचा फोन आला. बावीस जणांपैकी एकवीस सापडले होते. एक फिटर बेपत्ता होता. थोरले भाऊ पेढे आणायला निघाले होते, त्यांनी पायातली चप्पल परत काढली.

पंधरा दिवसांनी मुलगी हैदराबादहून रेल्वेनं उदगीरला उतरली. अंगात कुणाचातरी ढगळ शर्ट, पायात मोठ्या मापाच्या चपला. आईनं तिला स्टेशनातच चाचपून पाहिलं, लहान मुलाला पडल्यावर पाहतात तसं. घरी येऊन ती जेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. बायको दर थोड्या वेळानं जाऊन तिचा श्वास बघून यायची.

मग तिनं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. जहाजात मातीसारखं कच्चं खनिज भरलेलं होतं. ते ओलं होतं, आणि लाटांच्या हेलकाव्यांनी त्याचा चिखल झाला. चिखल एका अंगाला गेला आणि जहाज कललं ते सरळच होईना. सुटा माल एका बाजूला सरकला तर गाडीचं काय होतं हे मी मोंढ्यात पाहिलंय, त्यामुळं मला लगेच समजलं. कप्तानानं जहाज सोडायचा हुकूम दिला. एका बाजूची होडी पाण्यात उतरवताच येईना, म्हणून हवेनं फुगणारा तराफा टाकला आणि ही त्यात उडी मारून गेली.

"भीती वाटली का?" थोरल्या भावांनी विचारलं.

"उडी मारताना नाही वाटली, काका. नंतर वळून पाहिलं तर जहाज नव्हतंच. एवढं मोठं जहाज, आणि तिथं नुसतं पाणी. तेव्हा वाटली."

तराफ्यावर त्यांनी जवळजवळ तीन दिवस काढले. मोबाईल जहाजाबरोबर गेला होता. त्यामुळं वाचवणाऱ्या जहाजावरून फोन करायची पाळी आली तेव्हा तिला पाठ असलेले दोनच नंबर होते : माझा, आणि चौथीत असताना शाळेतून आल्यावर रोज ज्यावर "पप्पा, कधी येता?" विचारायची तो दुकानाचा. माझा तिनं तीनदा लावला.

"लागेल कसा?" मी म्हणालो. "सेटिंग कुणी केली?"

तिनं कपाळाला हात लावला. आम्ही चौघं इतकं हसलो की शेजारीण बघायला आली.

फिटरबद्दल मात्र ती फार बोलत नाही. वयस्कर माणूस होता, हिला बेटा म्हणायचा. शिडीवर त्याला शेवटचं कुणीतरी पाहिलं होतं. त्याच्या बायकोला ती दर आठवड्याला फोन करते, दार लोटून घेते. आम्ही तेव्हा टीव्हीचा आवाज बंद करतो.

गेल्या महिन्यात जेवताना ती म्हणाली, "पप्पा, मी परीक्षेला बसणार. मग परत जहाजावर."

बायकोचा घास हातातच राहिला. मी म्हणालो, "तू इचारायलीस का सांगायलीस?"

"सांगतेय."

मग बायकोनं तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. "आदी पोटभर खा," ती म्हणाली. "तराफ्यावर नुसत्या बिस्किटावर काढलेस तीन दिवस. अंगात काय राहिलंय तुझ्या?"