मोरशिखेचा नर, मोरशिखेची मादी

देवका माही चुलत जाऊ. आमच्या आंजी गावात तिच्याइतका मार कोण्या बाईनं खाल्ला नसन. अन् कशापायी? तं इहिरीच्या दगडातल्या इतभर झाडापायी!

मोरशिखा म्हणते त्या झाडाले. मोराच्या तुऱ्यावानी पान. देवकाले लेकरू होत नव्हतं, तं अण्णाजी वैदू सांगे, "बुटकी ते मादी, उंच तो नर. मादीच वाटून दुधात घेजो." देवका इहिरीत उतरून तोडून आणे. पाळी आली का अण्णाजी म्हणे, "नर तोडला वाटते हिनं." झालं! तिचा नवरा रूपराव बैल हाकाची टोकदार काठी, तुतारी, घेऊन उठे. एकदा मी मधात पडली, तं माह्याही पाठीवर वळ उठले. मुडदा बशिवला त्याचा!

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात वर्ध्याच्या कॉलेजातल्या एक बाई पोरीईले घेऊन त्याच इहिरीवर आल्या. देवकानं त्याईले इचारलं, "बाई, यातली मादी कशी ओळखाची?"

बाई म्हणाल्या, "हा नेचा आहे. याच्या गोतात जगभर जेमतेम पाच-सहा जाती. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, असं यात नसतंच. उंच पानाखाली बीसारखी भुकटी धरते, बुटक्याखाली धरत नाही, एवढंच."

देवकानं एक गड्डा मुळासकट उपटला. एकाच मुळावर उंच पानंबी अन् बुटकी पानंबी. अवो, हासली ना ते! लग्न होऊन आल्यापासून तिले मी पहिल्यांदा हासताना पाह्यलं.

तसाच गड्डा घेऊन ते घरी गेली, मी मांगं मांगं. ओसरीवर अण्णाजी अन् रूपराव बसले होते. देवका अण्णाजीले म्हणाली, "पाहा, एकच झाड हाये. मी कधीच चुकली नाई." मंग नवऱ्याले म्हणाली, "आता दोघंबी दवाखान्यात जाऊ. तुमचीबी तपासणी होऊ द्या."

अण्णाजी जोडे घालून चालता झाला. रूपरावनं तिचा हात असा पिरगाळला का हाड मोडल्याचा आवाज मले अंगणात आला. तिनं दुसऱ्या हातानं वरवंटा उचलला अन् घातला त्याच्या गुडघ्यावर. भलं केलं! मीच तिले सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. तिथून ते माहेरी कारंजाले गेली, ते कायमचीच.

दुसऱ्या वर्षी रूपराव लंगडत लंगडत बोहल्यावर चढला. नवी बायको तानी, कोवळी पोर. पुढच्या पोळ्याच्या वक्ताले मी पाण्याले गेली, तं तानी इहिरीतून वर येऊन राह्यली होती. ओठ फाटलेला, डोळा सुजलेला. मले पाहून तिनं पदर पसरला, पदरात मोरशिखा.

"जाऊबाई," ते म्हणे, "यातली मादी कोणती, सांगा ना. मांगच्या खेपेले चुकली मी."