पडीक म्हणू देणार नाही

हैदराबादला नोकरीला निघाले तेव्हा मळवली स्टेशनवर आबांनी, माझ्या वडिलांनी, माझी बॅग दोन्ही पायांत घट्ट धरली होती. आई म्हणाली, "तितं कुनाशी भांडू नगंस. वाडीतली पयलीच शिकल्याली पोर तू." भाजे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीने मला शिकवलं, हे मी विसरणार नाही. पण आई, भांडू नको म्हणालीस, तेवढं ऐकलं नाही.

हैदराबादला माझं काम म्हणजे उपग्रहाने काढलेले फोटो पाहून नकाशा रंगवणं: शेत, जंगल, पाणी, पडीक. वाडीतल्या बायका फोनवर विचारतात, "वरनं आमी दिसतो का गं?" माणसं दिसत नाहीत, मावशी. भाताची खाचरं दिसतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्याच मावळच्या नकाशाची शीट माझ्याकडे आली. फोटो मे महिन्यातला. आमच्या उघड्या उतारावर काळे डाग, आणि सॉफ्टवेअरने सगळंच पडीक ठरवलेलं. नकाशा नियोजनाच्या कचेरीत जाणार होता. तिथं पडीक म्हणजे बंगल्यांना मोकळी जागा. मी आबांना फोन लावला. उन्हाळ्यात वरच्या खाचरांत राब भाजला होता ना?

"मग! पाला न् शेन जाळल्याबिगर भाताचं रोप जोर धरतंय व्हय? तुज्या त्या आभाळातल्या फोटोवाल्याला म्हनावं, आवणीला, रोपं लावाया चिखलात उतर, मंग बोल."

आमचे टीम लीडर नागपूरचे. म्हणाले, "घरचं आहे म्हणून हट्ट करतेस."

"घरचं आहे म्हणून ओळखलं, सर. ऑक्टोबरअखेरचा फोटो लावा."

लावला. तोच उतार पिवळा, भात कापणीला आलेलं. तरी ते म्हणाले, एका वाडीसाठी शीट अडवता येणार नाही. मी म्हटलं, मग माझ्या हातून ती जाणार नाही. नोकरी जाईल अशी भीती होती, तरी खुर्चीतून हलले नाही. शेवटी सर वैतागले. "बदल बाई! आणि असे डाग बाकीच्या शीटवर असतील तर तेही तूच तपास."

तेव्हापासून मुळशी, वेल्हे, जिथं जिथं राब भाजतात तिथले उतार मी दोन्ही हंगामांच्या फोटोंत पाहते.

घर म्हटलं की पूर्वी रडू यायचं. आता राग येतो, आणि तो मला जपायचा आहे. दुसऱ्याला जी जमीन रिकामी दिसते, तिच्यात मला राबणारी माणसं दिसतात. माझं घर ते. गाव सोडून गेलेल्यांनो, जिथं असाल तिथं हे ठणकावून सांगा. आणि वाडीतल्यांनो, तुम्ही बिनघोर पेरा. कुणी पुन्हा पडीक लिहिलंच, तर खोडायला मी इथं बसले आहे.