पोटातून मिळालेले जयभीमचे उत्तर

मी, भिकाजी सखाराम जाधव, वय ७८, शिक्षण चौथी उत्तीर्ण, निवृत्त कारखाना कामगार, राहणार अंबरनाथ पूर्व, समूहातील बंधुभगिनींस सत्य कथन करतो की, माझी नात प्रज्ञा हिला नववा महिना चालू आहे. आज सकाळपासून तिला बाळाची हालचाल कमी जाणवत होती. म्हणून आम्ही विनाविलंब उल्हासनगरच्या दवाखान्यात गेलो.

सिस्टरांनी तिच्या पोटावर पट्टे बांधले. यंत्रातून ठोके ऐकू येत होते. परंतु बाळ हलले की ते वाढावयास हवेत, तसे होईना. कागदावरील रेघ सरळच चालली होती.

मी विचारले, "म्हणजे धोका आहे काय?"

सिस्टर म्हणाल्या, "बाबा, आस्ते बोला ना! बाळ झोपलं असेल. त्याला उठवायला पाहिजे."

प्रज्ञाचे डोळे भरले होते, तरी ती म्हणाली, "मग आजोबा, आस्ते नका बोलू. रोज सकाळी आख्खी चाळ उठवता ना, तसं करा!"

मी उभा राहिलो, टोपी सारखी केली आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "जयभीम!"

पोट हलले. ठोके धावू लागले, रेघ वर चढली.

"अरे, जवाब दिया इसने!" सिस्टर ओरडल्या, त्याही मोठ्याने. डॉक्टरांनी कागद पाहून सर्व ठीक असल्याचे सांगितले.

हालचाल कमी वाटल्यास घरी थांबू नये, ही विनंती. आणि जन्मापूर्वीच जयभीमला उत्तर देणारे मूल आपणांपैकी कोणाच्या घरी आहे काय?

समक्ष साक्षीदार: नात प्रज्ञा, ड्यूटीवरील सिस्टर, आणि एक बाळ, ज्याचे नाव अद्याप ठेवावयाचे आहे.