गुंडू शिपायाची फुंक

कसबा बावड्याचा गुंडू सहा वर्षं पलटणीत होता. वाळवंटात लढला आणि सेहेचाळीस साली अंगावर ओरखडा न घेता परतला. गावानं हलगी लावून त्याला वेशीतनं आणला. आणि दोनच वर्षांत ह्या गड्याला उसाची मोळी बांधापर्यंत नेववेना! दहा पावलं टाकली की थांबायचा, वाकून पायताणाचा अंगठा नीट केल्यासारखं करायचा. अंगठा धडधाकट असायचा; धाप लागलेली असायची.

थोरला भाऊ कृष्णात सगळ्यांदेखत म्हणायचा, "फुकटची रोटी खाऊन आळशी झालाय. सोंग हाय सगळं." गुंडूच्या काळजाला घरं पडायची. धापेपेक्षा त्याला हे जास्त लागायचं.

दवाखान्यात दोनदा जाऊन आला. फोटोत छाती स्वच्छ. बरं, डॉक्टरनं "काय त्रास होतो?" विचारलं की हा शहाणा टाचा जुळवून ओरडणार, "ठीक है, साब!" अहो, सहा वर्षं साहेबापुढं दुसरं उत्तरच दिलं नव्हतं त्यानं! डॉक्टर बिचारा काय लिहिणार? लिहिलं, तब्येत ठणठणीत.

त्रेपन्न साली माजी सैनिकांना तपासायला एक डॉक्टर नवं यंत्र घेऊन कोल्हापुरात आला. या खेपेला बायको, चिमणाबाई, बरोबर गेली. पाण्यात उपडं घातलेलं पत्र्याचं भांडं, त्याला रबरी नळी. नळीत फुंकलं की भांडं वर यायचं आणि लेखणी कागदावर रेघ ओढायची. गुंडूनं सवयीनं "ठीक है, साब!" ठोकलंच.

"ते राहू द्या. फुंका," डॉक्टर म्हणाला.

गुंडूनं बेंबीच्या देठापासून फुंकलं. डोळे बाहेर आले, पण भांडं जेमतेम चार बोटं वर आलं. तीनदा फुंकलं, तीनदा तेच.

"निम्माच श्वास उरलाय. कशानं, ते मलाही सांगता येत नाही, आणि यावर औषधही नाही. पण हा माणूस सोंग करत नाही." डॉक्टरनं तसं लिहून सही केली.

कागद बंडीच्या खिशात घालून गुंडू निघाला. "आता म्हणू दे दादाला सोंग!" वाटेत धाप लागली, तसा पायताणाला हात न लावता तो सरळ रस्त्याच्या कडेला बसला. येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत धापा टाकत होता आणि हसत होता.

चिमणाबाईनं पदरात तोंड खुपसलं.

"आगं, रडतीस कशाला? खरा निघालो की मी!"

"त्येच की वो," ती म्हणाली. "थोरल्या भावजींचंच खरं निगावं म्हणून अंबाबाईला रोज हात जोडत हुते मी. सोंग असतं, तर कवातरी सुटलं असतं."