वालबुर्गाने दिलेला बाप्तिस्मा

वालबुर्गा हिर्टराइटर ही बव्हेरियातल्या लिंडाख गावची सुईण. सत्तावीस वर्षांत तिने नऊशेच्या वर पोरं जगात आणली, आणि पुढे त्यातली निम्मीअधिक तिला पाहून रस्ता बदलू लागली. कारण काय, तर बाईने सही केली नाही.

झालं असं. १८७० साली रोमला बिशपांची मोठी परिषद भरली आणि तिने ठरवलं की पोप धर्माबद्दल अधिकाराने बोलला की तो चुकूच शकत नाही. गावाने मान डोलावली आणि ते बिअर प्यायला गेलं. पण हे आपल्याला मान्य आहे अशा कागदावर शाळामास्तर आणि सुईण या दोघांची सही गावच्या फादर ओस्टलरना हवी होती. मास्तराने कागद न वाचताच सही ठोकली. वालबुर्गाने तो दोनदा वाचला, तिथेच घोटाळा झाला.

"माझी आई हे न मानता मेली, फादर. आजीने तर असलं काही ऐकलंही नव्हतं. दोघी नरकात गेल्या का?"

"तेव्हा ठरलं नव्हतं, आता ठरलंय. परिषदेने ठरवलं की मानायचं, बाई. त्यात तुझी-माझी पसंती चालत नाही."

"पसंती चालत नाही, मग सही कशाला मागता?"

फादरनी तिला बहिष्कृत केलं. चर्चमध्ये ती बसली की बायका बाक सोडून उठायच्या. पण कळा सुरू झाल्या की याच सोवळ्या बाया मागच्या दाराने निरोप धाडायच्या. वालबुर्गाही काही गरीब गाय नव्हती. बाई ओरडायला लागली की ती बाह्या सरसावत म्हणायची, "बोलाव आता तुझ्या फादरला!"

तीन वर्षांनी, ईस्टरआधीच्या उपवासात, गाडीवान व्हीटुसची बायको क्रेसेंत्स अडली. मूल पायाळू आलं, निळं पडलेलं. वालबुर्गाने क्षणही न घालवता त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले. मुलाने तीन-चार श्वास घेतले आणि ते गेलं.

दुपारी व्हीटुस तिच्या दारात उभा राहिला. काखेत चिमुकली पेटी होती.

"फादर म्हणतात, बहिष्कृत बाईच्या हातचा बाप्तिस्मा मी धरत नाही. पोर कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरा म्हणे." भिंतीबाहेर म्हणजे जीव दिलेल्यांच्या आणि बाप्तिस्मा न झालेल्यांच्या शेजारी, खाजकुयलीत. व्हीटुसचं तोंड वेडंवाकडं झालं. "क्रेसेंत्सला काय सांगू, मावशी?"

वालबुर्गाने एप्रन भिरकावला आणि त्याला घेऊन तडक फादरचं घर गाठलं. फादर जेवत होते. त्यांनी चमचासुद्धा खाली ठेवला नाही.

"सोपं आहे," ते म्हणाले. "तो कागद अजून माझ्याकडे आहे. सही कर, पोर आत्ता आत जाईल."

किती नीच माणूस! मेलेल्या पोराच्या पेटीवर कागद ठेवून सौदा करत होता.

"करा ना, मावशी," व्हीटुस रडकुंडीला आला. "कागदच तर आहे."

तिचा हात टाकाकडे गेलासुद्धा. मग तिने तो मागे घेतला.

"फादर, बहिष्कृत करण्याआधी दर उपवासात सुईण म्हणून मला याच खोलीत उभी करून तुम्ही काय घोकून घ्यायचात? अडल्या वेळी बाप्तिस्मा कोणी दिला तर चालतो?"

फादर पाव मोडू लागले.

"का, दातखीळ बसली? व्हीटुस, तू ऐक. पाखंड्याने दिला तरी, शब्द बरोबर असले आणि चर्च जे करतं तेच करायचं मनात असलं, तर बाप्तिस्मा खरा. खोटा म्हणेल तो शापित. हे त्रेंतच्या परिषदेने ठरवलंय, तीनशे वर्षांपूर्वी. ती परिषद तुम्हाला बांधते की नाही, फादर?"

"एक परिषद मानायची, एक सोडायची. ही काय मंडईतली भाजी आहे?"

"मी एक सोडली, ती तुमच्या तोंडावर. तुम्ही आज दुसरी सोडताय, तीही एका पोरावर राग काढायला."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," फादर पुटपुटले. पण त्रेंतचा तो नियम खरा होता, आणि हे सगळं ऐकायला व्हीटुस साक्षीदार होता. संध्याकाळच्या आत त्यांनी मूल भिंतीच्या आत पुरलं. घंटा मात्र वाजवू दिली नाही.

हरलेला माणूस गप्प बसतो थोडाच! पुढच्या रविवारी फादरनी जाहीर केलं की वालबुर्गाला जी बोलावेल तिला ईस्टरला पापक्षमा मिळणार नाही. महिन्याभरात तालुक्याहून नवी सुईण आली. बावीस वर्षांची, सही केलेली. मागच्या दाराचे निरोपही थांबले.

वर्षभरात क्रेसेंत्सला पुन्हा दिवस गेले. वालबुर्गाने कपडे उकळून ठेवले, कात्री पाजळली. दुसरी कोणी नाही तरी ही बोलावेल, याची तिला खात्री होती. आठव्या महिन्यात क्रेसेंत्स कुंपणापाशी आली.

"मावशी, तुमच्यामुळे माझं बाळ आत आहे. जन्मभर विसरणार नाही."

"ते राहू दे. कधी येऊ?"

क्रेसेंत्सने मान खाली घातली. "नवीला सांगितलंय."

"तिने अजून पायाळू पोर पाहिलंही नसेल! हेही तसंच आलं म्हणजे?"

"आलं तर ती बाप्तिस्मा देईल ना. फादर म्हणालेत, तिचा नक्की चालतो."

पोरगी हे टोमणा म्हणून बोलली नव्हती. फादरच्या त्या शब्दाने तिला खरंच धीर आला होता.